दीड काढायचा

माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या आहेत, पण सर्वांत मोठी चूक मी एक चूक दुरुस्त करताना केली. तीही भर दुपारी, पोटभर जेवून, चांगल्या हेतूने. आणि त्या चुकीचं खापर माझ्या शेजारणीच्या डोक्यावर फुटत असताना मी मान हलवली. चूक एक वेळ सोडून देऊ. ते मान हलवणं मात्र मला अजून जेवताना आठवतं आणि घास तोंडातल्या तोंडात फिरतो.

आमचं घर रत्नागिरीत, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. आमच्या आणि शेजारच्या भाभींच्या अंगणांच्या मधे चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, एक गडगा आहे, कमरेएवढी भिंत. त्याचा एक चिरा केव्हातरी निसटून खाली पडला आणि तिथेच राहिला. गेली कित्येक वर्षं दोन्ही घरांची माणसं त्या चिऱ्यावर पाय देऊन इकडून तिकडे जातात. माझ्या बायकोच्या वाटीतलं विरजण आणि भाभींच्या ताटातले तळलेले बांगडे त्याच वाटेने ये-जा करतात.

माझा धंदा सॉफ्टवेअर लिहिण्याचा. तरुणपणी मी दुबईत नोकरीला होतो. तिथे आमच्या खोलीत सगळे कोकणातले, आणि सगळ्यांचं दुखणं एकच. घरी फोन करावा तर बायको विहिरीवर, घरून फोन यावा तर हा कामावर. म्हणून मी संध्याकाळी बसून एक लहानसं अ‍ॅप लिहिलं. त्यात बोलण्याची वेळ लिहून ठेवायची. त्या वेळेला दोन्हीकडे घंटा वाजते, आणि घंटा दाबली की समोरचा माणूस दिसतो. बस्स, एवढंच. घंटेचा आवाज म्हणून मी सायकलची घंटी वापरली होती, कारण खोलीत त्या वेळी दुसरं काही वाजणारं नव्हतं.

ते अ‍ॅप दुबईहून आमच्या मोहल्ल्यात पोचलं आणि रुजलं. पुढे मी रत्नागिरीला परत आलो, घरी बसून लोकांची कामं करू लागलो, आणि हे अ‍ॅप हौस म्हणून चालू ठेवलं.

त्यात एक खोट होती. मी ते दुबईत बसून लिहिलं आणि ज्या यंत्रावर ते चालायचं त्याचं घड्याळही दुबईचं. जगात दुसरीही घड्याळं आहेत हे मी त्या अ‍ॅपला कधी सांगितलंच नाही. कोणीही, कुठेही बसून सात लिहिले, तर ते दुबईचे सात समजायचं. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे दुबईतल्या माणसाला सगळं बरोबर दिसायचं, आणि रत्नागिरीत सात लिहिणाऱ्या बाईकडे घंटा वाजायची साडेआठला.

हे मला ठाऊक नव्हतं. माझं कोणी परदेशी नाही, म्हणून मी स्वतः ते अ‍ॅप वापरत नव्हतो. आणि तक्रार कोणीच केली नाही. कोकणी माणूस तक्रार करत नाही असं कोणी म्हणणार नाही. तो एसटीची करतो, नगरपालिकेची करतो, जावयाची तर रोज करतो. पण फोनमधून जे येतं ते तसंच असतं, अशी सगळ्यांची समजूत होती. पावसाची तक्रार कोणाकडे करतात?

भाभी कधीकधी गडग्यावरून माझ्या बायकोला म्हणायच्या, "वहिनी, आज लवकर आवरते. अ‍ॅपच्या सातला त्यांचा फोन आहे."

अ‍ॅपचे सात! हे मी कितीदा ऐकलं होतं. मला वाटायचं, लोक प्रेमाने म्हणतात. आपल्या अ‍ॅपवरून मोहल्ल्यात वेळ सांगायची पद्धत पडली, या विचाराने मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली होती.

मग लांज्याच्या एका काजूवाल्याचा फोन आला. त्याचा मुलगा नुकताच दुबईला गेला होता आणि कोणीतरी त्याला माझं अ‍ॅप दिलं होतं.

"साहेब, तुमचं अ‍ॅप दुपारची झोप काढून उठतं काय?"

"का हो?"

"आठ लिहिले तर साडेनऊला बोंब मारतं. आमची मंडळी फोन मांडीवर घेऊन बसून राहिली आणि तिकडे पहाटेची पाळी म्हणून पोरगा झोपला."

मी करून पाहिलं. खरंच होतं. माझ्या कानापर्यंत लाली चढली. इतकी वर्षं! मला डोळ्यांपुढे आमच्या मोहल्ल्यातल्या बाया दिसू लागल्या, मांडीवर फोन घेऊन दीड-दीड तास बसलेल्या. आणि मी, कॉलर ताठ करणारा!

आमच्या धंद्यात एक नियम आहे. नवं करताना जुनं मोडू नये. लोक ज्या रीतीने वापरत आलेत ती रीत, बरी असो वा वाईट, चालू राहिली पाहिजे. हा नियम मी कार्यालयात नव्या पोरांना शिकवलेला आहे, फळ्यावर लिहून. पण त्या दुपारी मला तो आठवला नाही, कारण मला लाज वाटत होती. लाज वाटली की माणूस घाई करतो. कोणाला विचारायला गेलो असतो तर आधी सांगावं लागलं असतं की माझं अ‍ॅप पहिल्या दिवसापासून चुकीचं आहे. ते नको होतं. गुपचूप दुरुस्त करावं आणि कोणाला कळूही नये, असा माझा विचार होता.

मी दुरुस्त केलं. आता जो जिथे बसून वेळ लिहील, ती तिथल्या घड्याळाची वेळ धरायची. आधी लिहून ठेवलेल्या वेळांनाही तोच नियम लावला. लोकांनी बरोबर वेळ लिहिली असणार आणि घंटा चुकीची वाजत असणार, असं मी धरून चाललो होतो. बदल माझ्या यंत्रावर केला की सगळ्यांच्या फोनवर आपोआप लागू व्हायचा. काम झालं. लोकांवर कोणालाही न कळता उपकार केल्याचं समाधान घेऊन मी इस्त्रीचा सदरा चढवला आणि चिऱ्यावर पाय देऊन पलीकडे गेलो. कारण त्याच दिवशी संध्याकाळी पाचला भाभींच्या थोरल्या लेकीचा निकाह होता.

भाई, म्हणजे भाभींचे यजमान, त्या लग्नाला नव्हते. दुबईपासून आत समुद्रात तेल काढतात, तिथल्या लोखंडी फलाटावर ते स्वयंपाकी आहेत. रजा मंजूर झाली होती, पण त्यांच्या जागी येणारा आचारी आजारी पडला आणि रजा गेली. त्यांनी आपल्या साहेबाकडून एक तास मागून घेतला होता. घंटा वाजली की तास सुरू, तास संपला की फोन कपाटात आणि हात कामाला. त्या एका तासात त्यांना एकच गोष्ट हवी होती. ती त्यांनी भाभींना इतक्यांदा सांगितली होती की आम्हा शेजाऱ्यांनाही पाठ झाली होती.

"बिर्याणी, मानपान, काही नको दाखवू मला. फक्त बायचं कबूल मला ऐकव."

निकाह पढवण्याआधी मुलीचा वकील, म्हणजे बहुतेक वेळा चुलता किंवा मामा, दोन साक्षीदार घेऊन ती बसलेली असते त्या खोलीत जातो आणि तिला विचारतो, कबूल आहे का. ती हो म्हणते. ते हो भाईंना ऐकायचं होतं.

मी पोचलो तेव्हा अंगणात खुर्च्या उतरत होत्या. मागच्या बाजूला बिर्याणीची देग नुकतीच दमावर बसली होती. मी खुर्च्या लावू लागलो. आणि साडेतीनच्या ठोक्याला अंगणातले, पडवीतले, माडीवरचे सगळे फोन एकदम वाजले. सायकलच्या घंट्या! घरातून सायकलींची शर्यत निघाल्यासारखा आवाज. भाभींनी ही वेळ घरातल्या सगळ्यांच्या फोनवर लावून ठेवली होती.

भाभींनी फोन दाबला. डोक्यावर स्वयंपाक्याची पांढरी टोपी घातलेले भाई समोर आले. मागे स्टीलची भांडी चमकत होती.

"हां, बसले का सगळे? बाय कुठे आहे?"

भाभींनी फोन धरून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. भाईंची मोठी बहीण, जिला अख्खा मोहल्ला आपा म्हणतो, तिने फोन हातात घेतला.

"कसले बसतात! काझी झोपेत, नवरा बोटीत आणि नवरी गाऊनमध्ये!"

हे अक्षरशः खरं होतं. काझीसाहेब दुपारची डुलकी काढत होते, नवऱ्या मुलाची माणसं गुहागरकडून येत होती आणि जयगडच्या खाडीत फेरीबोटीवर होती, आणि नवरीच्या केसांत पिना खोचण्याचं काम चालू होतं.

"पण घंटा वाजली," भाई म्हणाले. "इथे दोनच वाजलेत, मला वाटलं काझीसाहेबांना घाई आहे. मी साहेबाला सांगून आलो. तास सुरू झाला ना गो माझा!"

"त्याला सांग, थांब म्हणावं थोडा."

"आपा, तो इंग्रज आहे. थांबत नाही. आणि इथे चारशे माणसांचं रात्रीचं जेवण आहे."

"चारशे कुठले, मागच्या वेळी दोनशे म्हणालास."

"बरं दोनशे! दोनशे माणसं काय उपाशी ठेवू?"

अंगणात फक्त मला ठाऊक होतं की आज दुपारी अ‍ॅपला कोणी हात लावलाय. काय बिघडलं ते अजून कळलं नव्हतं, पण बिघडवणारा कोण हे कळलं होतं.

भाभी खांबाला धरून उभ्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "नवरा नाही तर नाही. विचारायचं बायला आहे ना? ती घरात आहे. वकील घरात आहे. काझीसाहेबांना आणा कोणीतरी."

मी स्कूटर काढली. माझ्या आयुष्यात मी इतक्या वेगाने तो चढ चढलेलो नाही. काझीसाहेब एका हातात टोपी आणि एका हातात चष्मा घेऊन मागे बसले.

"पाच सांगितले होते ना हो?"

"हो काझीसाहेब."

"मग?"

"मुलीचा बाप फोनवर थांबलाय. एकच तास आहे त्याच्याकडे."

"मुलीला विचारायला माझी गरज नसते," ते म्हणाले, "पण बाप थांबलाय म्हणता, तर हळू कशाला चालवता?"

आम्ही पोचलो तोवर मुलीचा चुलता, म्हणजे वकील, लुंगीवर बर्फ फोडत होता तिथून उठून सदरा घालत होता. एक साक्षीदार मंडपाच्या दोऱ्या सोडून आला, दुसरा देगीपाशी होता तो हातात डाव घेऊनच आला. फोन तोवर घरभर फिरत होता. भाईंनी जाताजाता देग पाहिली आणि ओरडले, "झाकण कोणी उघडलं? दम जातोय! कणकेने पुन्हा बंद करा!"

खोलीत मुलगी बसली होती. अंगात घरातला फुलाफुलांचा गाऊन, त्यावर कोणीतरी घाईने टाकलेली लाल ओढणी. एका डोळ्यात काजळ घातलेलं, दुसरा कोरा. भाईंनी पाठवलेला शरारा पलंगावर पसरून ठेवला होता, अंगावर चढायचा राहून गेलेला. मी दाराबाहेर उभा होतो, पण फोनमधला भाईंचा चेहरा मला दिसत होता. टोपी काढून त्यांनी छातीशी धरली होती.

वकिलाने विचारलं. मुलगी काहीतरी पुटपुटली.

"जोरात बोल बाय," आपा म्हणाली. "आवाजाला समुद्र ओलांडायचा आहे."

"कबूल," ती म्हणाली. या वेळी ते रस्त्यावरही ऐकू गेलं असेल.

बराच वेळ नुसती टोपी दिसत होती, कारण ती भाईंनी तोंडावर घेतली होती. मग म्हणाले, "दुसऱ्या डोळ्यात पण घाला काजळ," आणि सगळी खोली हसली. मुलगी हसली आणि रडलीही, त्यामुळे पहिल्या डोळ्यातलंही काजळ गेलं.

तास संपला. फोन बंद झाला. आणि मग सगळ्यांना श्वास घ्यायला सवड मिळाल्यावर जे व्हायचं ते झालं.

"पण घंटा आधी वाजली कशी?" कोणीतरी विचारलं. माझ्याकडे पाहून. "भाऊ, अ‍ॅप तुमचं ना?"

मी तोंड उघडायच्या आत आपा म्हणाली, "अ‍ॅपला काय झालंय? अ‍ॅप इतकी वर्षं वाजतंय. हिनेच दोनदा दीड काढला असणार."

"मी एकदाच काढला," भाभी म्हणाल्या.

"पाचातून दीड गेला, साडेतीन. लेकीच्या लग्नाच्या गडबडीत परत त्यातून दीड काढलास, झाले दोन. अ‍ॅपचे दोन म्हणजे इकडचे किती? साडेतीन! वाजली की नाही बरोबर साडेतीनला?"

हिशेब चोख होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी तिथे, हातात काझीसाहेबांसाठी आणलेलं सरबत घेऊन, पहिल्यांदा समजलो की अ‍ॅपचे सात म्हणजे काय. लोकांना घड्याळाची खोट पहिल्याच आठवड्यात कळली होती. त्यांनी ती पदरात घेतली होती. इकडची वेळ, तिकडची वेळ आणि तिसरी अ‍ॅपची. इकडच्या वेळेतून दीड काढायचा की अ‍ॅपची वेळ मिळते. हे घराघरांत शिकवलं जात होतं, नव्या सुनेला मसाल्याचं प्रमाण सांगावं तसं. आणि शिकवणाऱ्या होत्या भाभी. मोहल्ल्यात त्यांना कौतुकाने दीडशहाणी म्हणायचे, हेही मला त्याच दिवशी कळलं. बाया मांडीवर फोन घेऊन वाट पाहत बसलेल्या नव्हत्याच. लोकांनी माझी चूक सरळ करून घेतली होती, आणि मी ती दुरुस्त करून पुन्हा वाकडी केली. भाभींनी दीड काढून साडेतीन लिहिले होते, आणि माझ्या बदलाने ते इकडचेच साडेतीन धरले.

"होतं असं गडबडीत," कोणीतरी भाभींची समजूत घालत म्हणालं. "हो ना भाऊ?"

मी मान हलवली.

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अ‍ॅप करणाराच म्हणतोय तर तसंच असेल, अशा नजरेने. मग त्या आत गेल्या.

मी काहीतरी कारण काढून गडगा ओलांडून घरी आलो आणि दुपारचा बदल पुसून टाकला. अ‍ॅप पूर्वीसारखं चुकीचं झालं. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या बाकीच्या घरांत घंट्या ठरल्या वेळी वाजल्या. म्हणजे माझ्या दुरुस्तीत सापडली ती एकच घंटा, भाभींची, आणि अ‍ॅपचा काही दोष नाही हे संध्याकाळपर्यंत सिद्धही झालं. वाजून गेलेली वेळ अ‍ॅपमधून आपोआप पुसली जाते, तेव्हा आपण काय लिहिलं होतं हे दाखवायलाही भाभींकडे काही उरलं नाही. लांज्याच्या काजूवाल्याला मी फोन करून सांगितलं, "काका, आठ हवे असतील तर साडेसहा लिहा."

"हे कसलं अ‍ॅप हो?"

"रत्नागिरीचं," मी म्हणालो. त्याला ते पटलं.

निकाह पाचला झाला, थाटात. नवऱ्या मुलाला दारातच आपाने सांगितलं, "नवरीने होकार देऊन टाकलाय. आता तुला नाही म्हणायला जागा नाही." बिर्याणीचा दम टिकला होता. सगळे खूश होते. भाईंनाही ऐकायचं ते ऐकायला मिळालं होतं. कोणाचं काहीच बिघडलं नव्हतं, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत राहिलो.

पण भाभींचं नाव आता दीडशहाणी राहिलं नाही. तीनशहाणी झालं. मासळीवाली विचारायची, "तीन देऊ की दीड?" नवऱ्या मुलाकडची माणसंसुद्धा फोनवर विचारायची, "ईदला येतो, कितीला येऊ? तुमच्या हिशेबाने की आमच्या?" भाभी हसायच्या. कोकणात थट्टेला हसावंच लागतं, नाहीतर ती दुप्पट होते.

मी बायकोला खरं सांगितलं.

"मग जाऊन सांगा की," ती म्हणाली. "गडगा ओलांडला की घर."

"आता कसं सांगू? वेळ गेली."

"तुमच्या अ‍ॅपात वेळ मागे-पुढे होते ना? तशी करा."

मी ते केलं नाही. मी जे केलं ते माझ्यासारखा माणूस करतो. कामाला लागलो. अ‍ॅप नीट लिहायला घेतलं. आतापर्यंतच्या सगळ्या लिहिलेल्या वेळांवर एक खूण केली, की या जुन्या रीतीच्या आहेत, यांना कधीही हात लावायचा नाही, या कायम दुबईच्या घड्याळानेच वाचायच्या. नवी वेळ लिहिताना अ‍ॅप विचारणार, इकडची की तिकडची? आणि ज्यांच्या बोटांना दीड काढायची सवय आहे त्यांच्यासाठी तिसरा पर्याय, अ‍ॅपची. जुने फोन होते, ज्यांच्यावर नवं काही बसत नाही, त्यांनाही काही फरक कळू नये अशी व्यवस्था केली. काम चांगलं झालं. इतकं चांगलं काम मी पगार घेऊनही कधी केलं नव्हतं. आपण प्रायश्चित्त घेतोय असं मला वाटत होतं. खरं तर मी गडग्याच्या या बाजूला बसून होतो.

मग एका संध्याकाळी भाभी चिऱ्यावर पाय देऊन आल्या. हातात फोन. मी ओटीवर बसलो होतो.

"वहिनी," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "त्यांच्या फोनची वेळ तेवढी लिहून द्या. अ‍ॅपचे साडेसात. तुम्हीच लिहा. माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला."

माझ्या बायकोने फोन घेतला, वेळ लिहिली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. ज्यांचं लग्न झालंय त्यांना कळेल.

नंतर कळलं, की लेकीच्या लग्नापासून भाभींनी स्वतः एकही वेळ लिहिली नव्हती. कोणी मोकळं असेल त्याच्याकडून लिहून घ्यायच्या. कोणी नसेल तर त्या दिवशी भाईंशी बोलणं राहायचं. आणि दीड काढायला कोणाला शिकवायचं म्हटलं की म्हणायच्या, "दुसऱ्या कोणाला विचार बाय, मी चुकते."

आंब्याच्या दिवसांत भाई रजेवर आले. भाभींच्या अंगणात मंडळी जमली. लेक-जावई गुहागरहून आले होते, आपा होती, काझीसाहेब होते, पेट्या फोडून हापूस पाण्याच्या घमेल्यात टाकले होते. भाईंनीच मला सांगितलं, "भाऊ, नवं काय केलंय म्हणता ते दाखवा सगळ्यांना, आयते जमलेत."

मी दाखवलं. इकडची, तिकडची, अ‍ॅपची. लोकांना तिसरा पर्याय फार आवडला.

"बरं केलंत ठेवलात," काझीसाहेब म्हणाले. "आता अ‍ॅपचे पाच म्हटल्याशिवाय माझी डुलकी मोडत नाही."

आपा म्हणाली, "हिला मात्र नका देऊ हे नवीन. अजून एक लेक लग्नाची आहे!"

सगळे हसले. भाईसुद्धा. जावई हसू दाबत होता. भाभी दारात आंब्याच्या फोडींचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्याही हसल्या आणि आत वळल्या, त्या दिवशी वळल्या होत्या तशाच.

"भाभी, थांबा," मी म्हणालो. माझा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. हातातला आंबा मी कोपरापर्यंत गाळत होतो आणि तो ठेवायचं मला सुचत नव्हतं. माझी बायको गडग्यापाशी उभी होती. ती एक पाऊलही हलली नाही.

"काय भाऊ?" भाई म्हणाले.

मी त्यांच्याकडे नाही, भाभींकडे बघून बोललो. सगळ्यांना ऐकू जाईल असं, कारण थट्टा सगळ्यांनी ऐकली होती.

"भाभी, निकाहच्या दिवशी दुपारी मी अ‍ॅप बदललं होतं. कोणाला न विचारता. तुम्ही साडेतीनच लिहिले होते, ते बरोबर होते. दीड तुम्ही एकदाच काढलात. दुसरा मी काढला. आणि मग मान हलवली. माझं चुकलं भाभी. मला माफ करा."